१६२ सामने, एक संघ : वॉशिंग्टन नॅशनल्सचा २०१९चा हंगाम

रानजाई

बेसबॉलबद्दल इथे बोलणं होतं ते ऑक्टोबरमध्ये, वर्ल्ड सिरीज, म्हणजे शेवटची विजेतेपदाची मालिका, सुरू झाली की. मला बोलायचंय ते त्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल. मार्चअखेरीस हंगाम सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत १६२ सामने होतात, म्हणजे जवळपास रोज एक. एवढे दिवस एखाद्या संघाच्या मागे राहिलं की तो घरातला होऊन जातो. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाची बॅट दोन आठवडे चालत नाहीये, कुणाला आज बसवायला हवं होतं, सगळं आपल्याला ठाऊक असतं. मी व्हर्जिनियात राहते. माझा संघ वॉशिंग्टन नॅशनल्स आणि माझा हंगाम २०१९चा. शेवट ज्यांना माहीत आहे त्यांनीही वाचा. शेवट जगाने पाहिला, मधलं आम्ही पाहिलं.

आधीचं थोडक्यात. १९७१नंतर वॉशिंग्टन शहराला संघच नव्हता. २००५ साली मॉन्ट्रियलचा एक्सपोज संघ उचलून इथे आणला आणि त्याचे नॅशनल्स झाले. २००८मध्ये ॲनाकॉस्टिया नदीकाठी नवं मैदान झालं. २०१२, २०१४, २०१६, २०१७ या चार वर्षी संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, गेला आणि चारही वेळा पहिल्याच मालिकेत बाहेर पडला. २०१२ची जखम सगळ्यात खोल. सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ६-० अशी आघाडी होती, नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगलाही (डावालाही) ७-५ने पुढे होते, आणि ९-७ हरले. इथल्या कुठल्याही जुन्या चाहत्यासमोर त्या रात्रीचं नाव काढून बघा, तो विषय बदलेल.

२०१९ची सुरुवात ब्राइस हार्पर गेल्याने झाली. संघाचा चेहरा असलेला माणूस १३ वर्षांच्या आणि ३३ कोटी डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियाला गेला, म्हणजे आमच्याच विभागातल्या प्रतिस्पर्ध्याकडे. २ एप्रिलला तो त्यांच्या गणवेशात आमच्या मैदानावर आला. अख्खं मैदान हुर्यो करत होतं आणि त्याने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. त्याच रात्री चेंडू लागून आमच्या ट्रे टर्नरचं बोट मोडलं.

ज्यांना खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. संघाचे पाच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आळीपाळीने सामना सुरू करतात. पाचव्या-सहाव्या दिवशी तोच माणूस पुन्हा समोर येतो. त्यामुळे चाहत्याचा आठवडा सोमवार-मंगळवारने चालत नाही. आज शर्झर, उद्या स्ट्रासबर्ग, परवा कॉर्बिन, असा चालतो. मॅक्स शर्झरच्या दिवशी मी ऑफिसातून वेळेत निघायचेच. सुरुवातीचा पिचर सहाव्या-सातव्या इनिंगपर्यंत थकला की त्याच्या जागी दुसरे येतात. ते जिथे हात मोकळा करत बसतात ते बुलपेन. आमचं बुलपेन त्या वर्षी गळकं छप्पर होतं. शर्झरने सहा इनिंग जीव ओतून साठवलेली आघाडी आठव्या इनिंगला वाहून जायची. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

मे महिन्यात न्यूयॉर्कला मेट्सनी सलग चार सामने हरवलं. त्यातल्या शेवटच्या दोन सामन्यांत आठव्या इनिंगपर्यंत आघाडी आमची होती. २३ मेच्या रात्री गुणतक्ता होता १९ विजय, ३१ पराभव. मॅनेजर डेव्ही मार्टिनेझला काढा, मोठे खेळाडू विकून टाका, असं रेडिओवर, वर्तमानपत्रात, मेट्रोत, सगळीकडे चाललं होतं.

आणि तरी आम्ही दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला. माझं म्हणणं सगळं इथेच आहे. दुसऱ्या दिवशी सामना असतोच. शोक करायला वेळ मिळत नाही आणि चिडून पाठ फिरवावी तर संध्याकाळी सातला हात आपोआप रिमोटकडे जातो.

त्यानंतरच्या ११२ सामन्यांपैकी ७४ आम्ही जिंकले. कसे जिंकले याचं एकच एक उत्तर नाही. टर्नरचं बोट बरं झालं. अँथनी रेन्डोन तिसऱ्या बेसवर आणि बॅट हातात घेऊन, दोन्हीकडे आयुष्यातलं सर्वोत्तम खेळत होता. विशी ओलांडायची असलेला हुआन सोतो प्रत्येक चेंडू सोडल्यावर पिचरच्या डोळ्यांत डोळे घालून पाय घासायचा. आणि मे महिन्यात दुसऱ्या संघाने सोडून दिलेला हेरार्दो पार्रा आला. जूनमध्ये त्याची बॅट पार थंडावली, तेव्हा त्याने फलंदाजीला येतानाचं गाणं बदलून आपल्या छोट्या मुलीचं आवडतं ‘बेबी शार्क’ लावलं. महिन्याभरात चाळीस हजार मोठी माणसं दोन्ही हातांचे जबडे करून टाळ्या वाजवत होती. लहान मुलं वडिलांच्या खांद्यावर, आणि वडील मुलांपेक्षा जोरात.

त्याच सुमारास, १८ जूनला, सरावात बंट करताना चेंडू उसळून शर्झरच्या तोंडावर बसला आणि नाक मोडलं. दुसऱ्या रात्री तो मैदानावर आला. त्याचा एक डोळा निळा, एक तपकिरी. एका डोळ्याखाली काळंनिळं भलंमोठं अर्धवर्तुळ. सात इनिंग टाकल्या, दहा जणांना स्ट्राइकआउट केलं, एकही धाव दिली नाही. २-० जिंकलो. प्लेऑफमधले मोठे सामने मी पाहिलेत, पण संघ म्हणून मला तो माणूस त्या जूनच्या रात्री दिसतो.

ऑक्टोबरबद्दल प्रतिसादांत बोलूच. तुम्ही कुणी असा पूर्ण हंगाम एखाद्या संघाबरोबर काढलाय का? कुठल्याही देशातला चालेल.

---

डावखुरा

सुरेख लिहिलंय. मी क्रिकेटवाला माणूस, म्हणून प्रामाणिक प्रश्न. आयपीएलमध्ये साखळीत एका संघाचे चौदा सामने असतात, त्यातला प्रत्येक महत्त्वाचा वाटतो. १६२मधल्या एकाला किंमत ती काय? ७३वा सामना हरला तर कुणाला फरक पडतो?

---

रानजाई

डावखुरा, हरण्याची सवय करून घ्यावी लागते, फरक तिथून सुरू होतो. २०१९चे नॅशनल्स ९३-६९ होते. जो संघ विश्वविजेता झाला तोही ६९ वेळा हरला. एका सामन्यात नशीब चालतं, पिचरचा दिवस चालतो, वारा चालतो. १६२मध्ये फक्त संघाचा कस उरतो. म्हणून इथे एका पराभवावर कुणी फारसं बोलत नाही, पण तीन आठवडे काय चाललंय यावर तासन्‌तास बोलतं.

आणि ७३व्या सामन्याचं म्हणाल तर त्या वर्षी वाईल्ड कार्डची, म्हणजे विभाग न जिंकताही प्लेऑफमध्ये जायची, जागा हातात पडली ती २४ सप्टेंबरला. एकाच दिवशी दोन सामने होते, समोर फिलाडेल्फिया, आणि दुसऱ्या सामन्यात बेस भरलेले, म्हणजे तिन्ही बेसवर आपले गडी असताना टर्नरने होमरन मारला. ६-५. आम्ही आत, हार्परचा संघ बाहेर. जूनमध्ये वाचवलेले सगळे सामने त्या रात्री कामाला आले.

---

चिंगी

वाचतेय. ‘बंट’ म्हणजे?

---

रानजाई

चिंगी, बॅट न फिरवता आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात टाकायचा, म्हणजे आधीच बेसवर असलेला आपला गडी पुढे सरकतो. मारणारा बहुतेक वेळा बाद होतो. त्या काळी नॅशनल लीगमध्ये पिचरलाही बॅटिंग करावी लागायची, म्हणून शर्झर त्याचा सराव करत होता.

---

नाना सातारकर

रानजाई, आपण माझ्या मनातला विषय काढलात. मी २०१९च्या मे महिन्यात मुलाकडे व्हर्जिनियात ॲशबर्नला गेलो होतो. आमच्या वयाची जी माणसं मुलांकडे सहा महिने राहून आलीत त्यांना ठाऊक आहे, दिवस खायला उठतो. मुलगा-सून कामावर, नात पाळणाघरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या आठवड्यात मुलाने संध्याकाळी टीव्हीवर हा खेळ लावला आणि पुढचे पाच महिने संध्याकाळी सात ही माझी वेळ ठरून गेली.

मी शाळेत गणित शिकवत असे. त्यामुळे धावफलक लिहिण्याची पद्धत कळली तसा मी खेळात शिरलो. एक ताव दोन पानी आखायचा. डावीकडे नऊ फलंदाजांची नावं, वर इनिंगचे आकडे, आणि प्रत्येक चौकोनात बारीकसा समभुज चौकोन, तेच चार बेस. क्षेत्ररक्षकांना नावं नाहीत, आकडे आहेत. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर गेला आणि दोघं बाद झाले, तर लिहायचं ६-४-३. बस्स. मी सुनेबरोबर भाजी निवडताना ते तीन आकडे बघून सांगू शकत असे की चेंडू कुठून कुठे गेला. फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी के लिहायचा, आणि बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तोच के उलटा. ही उलट्या केची पद्धत ज्याने काढली त्याला माझा नमस्कार.

३ सप्टेंबरचा ताव माझ्याकडे अजून आहे. मेट्स १०-४ने पुढे, आमची शेवटची इनिंग. मुलगा म्हणाला, बाबा झोपा आता. मी म्हटलं, ताव पूर्ण करायचाय. त्या एका रकान्यात सात धावा लिहिल्या. जागा पुरेना, शेवटच्या दोघांचं समासात लिहिलं. कर्ट सुझुकीने तीन धावांचा होमरन मारला आणि ११-१० जिंकलो.

---

डावखुरा

नाना, तो ताव स्कॅन करून टाका ना इथे!

---

नाना सातारकर

नातीला सांगतो. तिला येतं.

---

कडकलक्ष्मी

आम्ही मेरीलँडला, त्यामुळे घरात भांडण. नवरा बाल्टिमोर ओरिओल्सचा. त्या वर्षी ओरिओल्स १०८ सामने हरले आणि तो प्रत्येक सामना बघत होता. मी त्याचा आदर करते.

माझी आठवण दिवाळीची आहे. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज ह्यूस्टन ॲस्ट्रोजशी होती. पहिले दोन सामने ह्यूस्टनला जाऊन जिंकून आलेले. १९३३नंतर पहिल्यांदा वॉशिंग्टनमध्ये वर्ल्ड सिरीजचा सामना होणार होता, तो शुक्रवारी २५ ऑक्टोबरला, आणि त्याच दिवशी सोतोचा एकविसावा वाढदिवस. शनिवारी आमच्याकडे दिवाळीचा कार्यक्रम, शाळेच्या सभागृहात. नाट्यगीतं चालू होती आणि मागच्या तीन रांगांमध्ये सगळ्यांचे फोन मांडीवर. रविवारी लक्ष्मीपूजन. पूजा आटोपून फराळाची ताटं घेऊन बसलो तर बातमी आली की शर्झरची मान आखडलीये, त्याला हातसुद्धा उचलता येत नाही. तिन्ही घरचे सामने हरलो, ४-१, ८-१, ७-१. रविवारी रात्री पणत्या विझवताना मला वाटलं, संपलं.

---

रानजाई

कडकलक्ष्मी, त्या तीन दिवसांवर मी आजवर लिहू शकले नाही, तुम्ही लिहिलंत. आता ऑक्टोबरचं सांगूनच टाकते.

१ ऑक्टोबर, वाईल्ड कार्ड. एकच सामना, हरलात की घरी. मिलवॉकी ब्रूअर्स ३-१ने पुढे. आठव्या इनिंगला त्यांचा जॉश हेडर आला, डावखुरा, बघताना डोळ्यांना चेंडू दिसत नाही असा वेग. आमच्या झिमरमनची बॅट मोडली पण चेंडू पडला मोकळ्या जागी. रेन्डोनला वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंवर फुकटचा बेस. बेस भरले, दोन बाद, समोर सोतो. त्याने उजवीकडे मारला, ट्रेंट ग्रिशमच्या हातमोज्याखालून चेंडू निसटला, तिघेही घरी. ४-३. ग्रिशम तेव्हा नवखा पोरगा होता, त्या क्षणी त्याच्याबद्दलही पोटात तुटलं.

मग लॉस एंजेलिसचे डॉजर्स. त्यांनी त्या वर्षी १०६ सामने जिंकलेले. पाचवा, निर्णायक सामना लॉस एंजेलिसला, ३-१ने मागे, आणि क्लेटन करशॉच्या लागोपाठच्या दोन चेंडूंवर रेन्डोन आणि सोतोने दोन होमरन मारले. दहाव्या इनिंगला छत्तीस वर्षांच्या हावी केन्ड्रिकने बेस भरलेले असताना चेंडू मध्यावरून बाहेर काढला. त्या संघात म्हातारे खूप होते, तेच त्यांचं बळ. मग कार्डिनल्सना सरळ ४-०. २०१२चं देणं फिटलं.

वर्ल्ड सिरीज सात सामन्यांची झाली आणि सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. असं त्याआधी कुठल्याच मोठ्या खेळाच्या सात सामन्यांच्या मालिकेत झालं नव्हतं. सातव्या रात्री, ३० ऑक्टोबरला, मान धडपणे न वळणारा शर्झर पाच इनिंग टाकत होता. जवळपास प्रत्येक इनिंगला बेसवर माणसं, आणि दोनच धावा दिल्या. समोर झॅक ग्रेंकी सहा इनिंग आमच्या कुणाला हात लावू देत नव्हता. सातव्या इनिंगला रेन्डोनचा होमरन, सोतोला वॉक, ग्रेंकीला बाहेर काढलं, विल हॅरिस आला, आणि केन्ड्रिकने मारलेला चेंडू उजवीकडच्या फाउल खांबाच्या जाळीवर टणकन वाजला. ३-२. शेवटी ६-२. वॉशिंग्टनचं ते १९२४नंतरचं पहिलं विजेतेपद.

---

नाना सातारकर

तो सामना मी साताऱ्याला पाहिला. व्हिसाचे सहा महिने संपत आले म्हणून दिवाळीआधी परतलो होतो. भारतात पहाटे साडेपाचच्या पुढे सुरू झाला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. भाऊबीज नुकतीच झाली होती, बहीण घरी होती. ती म्हणाली, दादा, हे काय बघतोयस? मी म्हटलं, बस, सांगतो. साडेनवाच्या सुमारास संपला तेव्हा ती मला विचारत होती की तो शर्झरनंतर पॅट्रिक कॉर्बिन टाकत होता तो पुन्हा कधी येणार.

---

अवखळ वारा

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण एक खटकतं. हा सगळा पैशांचा खेळ आहे. संघ मॉन्ट्रियलहून उचलून आणलेला. तिथल्या लोकांचं काय झालं? आणि इथले तरी कुठे राहिले? रेन्डोन त्याच हिवाळ्यात गेला. शर्झर आणि टर्नर २०२१मध्ये डॉजर्सना दिले, सोतो २०२२मध्ये सॅन डिएगो पाद्रेजना. ज्यांच्यावर जीव लावायचा त्यांना मालक विकून टाकतो. मुंबई रणजीत हरली तरी ती मुंबईच असते. इथे नेमकं प्रेम कशावर करायचं?

---

रानजाई

अवखळ वारा, मॉन्ट्रियलचं तुमचं म्हणणं खरं आहे. तिथल्या लोकांचा संघ गेला तो गेलाच, आणि आमचा आनंद त्यांच्या नुकसानीवर उभा आहे हे मी विसरत नाही.

सोतोला दिला त्या दिवशी, २ ऑगस्ट २०२२ला, मी खूप रडले. त्या वर्षी आम्ही १०७ सामने हरलो. आणि मी तो हंगामही पाहिला. का, ते सांगते.

कॉर्बिन. सातव्या सामन्यात शर्झरनंतर येऊन त्याने तीन इनिंग टाकल्या, एक धाव दिली नाही. तो विजय त्याच्या नावावर आहे. पुढच्या वर्षांत त्याचा स्लायडर, म्हणजे त्याचा हुकमी वळणारा चेंडू, बोथट झाला आणि २०२२ला त्याचे आकडे होते ६ विजय, १९ पराभव. मार खायचा, दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगलाच पाच-सहा धावा जायच्या. पण त्याने कधी ‘दुखतंय’ म्हणून सुट्टी घेतली नाही. पाळी आली की चेंडू हातात. सहा वर्षांचा करार त्याने असा शेवटच्या महिन्यापर्यंत पुरा केला. त्याच्या पगारावरून लोकांनी त्याला खूप बोल लावले. मला त्याच्या पाळीचा दिवस चुकवावासा कधी वाटला नाही.

उलट्या बाजूला स्ट्रासबर्ग. त्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. लगेच सात वर्षांचा, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर दुखापतींमुळे तो अवघे आठ सामने खेळू शकला. तोही कुणाचा दोष नव्हता. त्याने २०१९ला जो हात वापरला तो परत मिळणारा नव्हता.

माझं प्रेम यांच्यावर आहे. आणि सोतोच्या बदल्यात आलेले सी. जे. अब्रॅम्स आणि जेम्स वूड आमच्या डोळ्यांसमोर मोठे झाले. वूड १ जुलै २०२४ला पहिल्यांदा उतरला तेव्हा मैदानावरचा आवाज ऐकायला हवा होता. मालक विकतो, हे तुमचं खरं. पण मी मालकासाठी टीव्ही लावत नाही.

---

ओसाकाकर

जपानमधून थोडी भर. मी कोबेच्या बाजूला राहतो, त्यामुळे हानशिन टायगर्सशिवाय पर्याय नाही. इथे हंगाम १४३ सामन्यांचा. मैदान कोशिएन, १९२४चं, भिंतींवर वेली. अमेरिकेत आणि इथे मोठा फरक म्हणजे आवाज. आपला संघ फलंदाजीला असला की वाद्यवृंद थांबत नाही. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं, आणि ते सगळ्यांना पाठ, आठ वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत. समोरचा संघ फलंदाजीला आला की आपण बसायचं, डबा उघडायचा, त्यांच्या बाजूला गाऊ द्यायचं.

टायगर्सनी १९८५ला आपल्या लीगचं विजेतेपद जिंकलं, तेव्हा आनंदात लोकांनी केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानापुढचा कर्नल सँडर्सचा पुतळा ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्यात फेकला. जपान सिरीज, म्हणजे इथली अंतिम मालिका, त्या वर्षी जिंकली, पण त्यानंतर ती जिंकणं बंद. कर्नलचा शाप म्हणतात. पुतळा २००९ला गाळातून वर काढला, तरी संघ ती जिंकेना. शेवटी २०२३ला, ३८ वर्षांनी, ओरिक्स बफेलोजना सात सामन्यांत हरवलं. मॅनेजर अकिनोबू ओकादा, जो १९८५च्या संघात स्वतः खेळाडू होता. त्या वर्षी त्याने ‘विजेतेपद’ हा शब्दच उच्चारला नाही, खेळाडूंवर दडपण नको म्हणून नुसतं ‘ते’ म्हणायचा. ओसाका-कोबेच्या अख्ख्या कान्साई भागात दुकानांच्या पाट्यांवर ‘ते’ लागलं होतं.

माझ्या इमारतीतले एक आजोबा १९८५चा टॉवेल जपून ठेवून होते. तोच गळ्यात घालून खाली आले.

---

डावखुरा

हे फार भारी आहे. शिकागोचं कुणी नाही का?

---

मिशिगनकाठ

आहे ना. कब्ज. १०८ वर्षांचा दुष्काळ २०१६ला संपला, क्लीव्हलँडमध्ये, सातवा सामना, दहावी इनिंग, मध्ये सतरा मिनिटं पाऊस, ८-७. त्यावर खूप लिहिलं गेलंय, मी पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचंय ते भिंतीचं. त्या दिवसांत कब्जच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, बाहेरच्या विटांवर लोक खडूने नावं लिहीत होते. आपल्या घरातली जी माणसं आयुष्यभर वाट बघून गेली त्यांची. आजोबा, आई, काका. हात पुरेल तिथवर भिंत भरली, मग लोक एकमेकांना उचलून वर लिहायला लागले. मी तिथे तासभर नुसता नावं वाचत होतो.

---

अवखळ वारा

मिशिगनकाठ, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. रानजाई, तुमचं उत्तर पटलं म्हणत नाही, पण कॉर्बिनबद्दल वाचून त्याचे सामने शोधून बघावेसे वाटताहेत.

---

चिंगी

मला आता खरंच बघायचंय. मी पुण्यात. सामने इथे किती वाजता असतात? आणि सुरुवात कुठून करू?

---

रानजाई

चिंगी, वॉशिंग्टनचे संध्याकाळचे सामने भारतात पहाटे सव्वाचार-साडेचारच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे उठून चहा घेईपर्यंत सहावी-सातवी इनिंग, सामना रंगात आलेला. सामना अडीच-पावणेतीन तासांत संपतो, २०२३पासून पिचरला घड्याळ लावलंय, त्याआधी तीन तासांपलीकडे जायचा.

सुरुवातीला सगळा संघ पाठ करायला जाऊ नका. एक पिचर निवडा. त्याचा सामना आला की बघा, मधले चार दिवस नुसता निकाल वाचा. महिन्याभरात बाकीचे आपोआप ओळखीचे होतात. नानांसारखा ताव आखलात तर त्याहून लवकर. आणि गुणतक्ता एप्रिलमध्ये उघडूच नका.

---

नाना सातारकर

चिंगीताई, कोरा आखलेला ताव हवा असेल तर सांगा. नमुना नातीकडून टाकवतो, त्याच्या झेरॉक्स काढा. पेन्सिलने लिहा, पंच निर्णय फिरवतात.

---

कडकलक्ष्मी

रानजाई, आम्ही येत्या शनिवारी दुपारच्या सामन्याला जातोय, मुलांना घेऊन. धाकट्याला चौथ्या इनिंगच्या मध्यातली, राष्ट्राध्यक्षांचे मोठाले मुखवटे घातलेल्यांची शर्यत बघायचीये. त्याला टेडी रूझवेल्ट आवडतो, कारण मी सांगितलं की तो २००६पासून २०१२पर्यंत एकदाही जिंकला नव्हता. उन्हाचं काय करावं? कुठल्या बाजूची तिकिटं घेऊ?

---

रानजाई

तिसऱ्या बेसच्या बाजूची घ्या, होम प्लेटच्या जरा वर. दुपारी सावली आधी तिकडे येते. आपला डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, समोर पहिल्या बेसला, म्हणजे खेळाडूंचे चेहरेही दिसतात. गाडी नेऊ नका, ग्रीन लाइनने नेव्ही यार्डला उतरा. मीही शनिवारी आहे. सातव्या इनिंगला सगळे उभे राहतात तेव्हा हात करा.